पाशची कविता चार ओळींत मावत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२३ मार्च या स्मृतिदिनानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत अवतारसिंग संधू ऊर्फ पाश यांच्या ‘सब तों खतरनाक’ या कवितेतल्या चार ओळी मराठीत छापून आल्या (सर्वांत घातक असते ते स्मशानशांतता पसरणे, निमूट सोसणे, कामावरून घरी परतणे आणि तुमच्या स्वप्नांचा मृत्यू, अशा अर्थाच्या) आणि त्यानंतर वाचकांची पत्रे येत राहिली. एका कवितेवर लोक हिरिरीने लिहितात, भांडतात, ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र बहुतेक पत्रे त्या चार ओळींवर लिहिलेली आहेत. पूर्ण कविता समोर असती तर यातली निम्मी भांडणे झाली नसती आणि उरलेली अधिक नेमकी झाली असती. म्हणून हे सविस्तर पत्र.

पहिली दुरुस्ती साधी आहे. तीन पत्रांत पाशना ‘हिंदी कवी’ म्हटले आहे. ते पंजाबी कवी. जन्म ९ सप्टेंबर १९५०, गाव तलवंडी सलेम, जिल्हा जालंधर. ‘लोहकथा’ हा पहिला संग्रह १९७० साली आला, तेव्हा त्यांनी विशीही नीट ओलांडली नव्हती. चमनलाल यांच्या हिंदी अनुवादामुळे आणि तो ‘आरोह’ या अकरावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात आल्यामुळे ही कविता देशभर पोचली. त्या अनुवादाचे ऋण मोठे आहे. पण आपण छापलेल्या चार ओळी त्या हिंदीवरून मराठीत आल्या आहेत आणि खाली ना मूळ भाषेचा उल्लेख आहे, ना मधल्या अनुवादकाचा. अशाने दोन गाळण्यांतून गेलेला मजकूर वाचकाला थेट कवीचा वाटतो.

गाळण्यांत काय अडकले ते बघा. एका पत्रलेखकाने ही कविता म्हणजे ‘गद्य ओळी तोडून केलेला मुक्तछंद’ आहे, असे लिहिले आहे. हिंदी वाचून तसे वाटू शकते. मूळ पंजाबीत ही कविता यमकांनी घट्ट बांधलेली आहे. सुरुवातीच्या तीन ओळींत ‘किरत दी लुट्ट’, ‘पुलस दी कुट्ट’, ‘गद्दारी-लोभ दी मुट्ठ’ असे तीन ठोके पडतात. लुट्ट, कुट्ट, मुट्ठ. हिंदीत ‘लूट, मार, मुट्ठी’ झाले आणि ठोका गेला. मराठीत तो बराचसा परत आणता येतो, कारण लूट आणि मूठ हे शब्द आपल्याकडे जसेच्या तसे आहेत आणि ‘पोलिसांनी कुटला’ हे तर रोजच्या बोलण्यातले. हिंदीवरून मराठीत येणाऱ्याला ‘मार’ दिसतो आणि तो ‘मार’च ठेवतो. पुढे ‘घड़ी’ला ‘खड़ी’, ‘अक्ख’ला ‘यक्ख’, ‘चढ़दा’ला ‘लड़दा’, ‘उलंघदा’ला ‘खंघदा’. म्हणायला, पाठ करायला, सभेत खड्या आवाजात सांगायला केलेली ही रचना आहे.

‘किरत’ हा शब्दही नुसता ‘मेहनत’ नव्हे. गुरू नानकांच्या शिकवणीतली त्रयी पंजाबात पोराटोरांना माहीत असते: किरत करो, नाम जपो, वंड छको. प्रामाणिक कष्टाने कमवा, नामस्मरण करा, वाटून खा. तेव्हा ‘किरत दी लुट्ट’ म्हटल्यावर पंजाबी शेतकऱ्याला मजुरी बुडण्याबरोबरच एक पवित्र गोष्ट लुटली गेल्याचे ऐकू येते. डाव्या चळवळीतला, नास्तिक कवी हा शब्द निवडतो तेव्हा तो आपल्या लोकांच्या भाषेतच बोलत असतो. मराठीत ‘श्रमाचे शोषण’ लिहिले की कविता पत्रकात जाऊन बसते. ‘घामाची लूट’ त्यातल्या त्यात जवळ जाते.

आता सगळ्यात वादाची ओळ. दोन पत्रांत राग आहे की कवी कष्टकऱ्याचा अपमान करतो: सकाळी घरातून कामावर आणि संध्याकाळी कामावरून घरी जाणाऱ्या माणसाला तो सर्वांत घातक ठरवतो. आक्षेप प्रामाणिक आहे आणि आपण छापलेल्या ओळी पाहिल्या तर बरोबरही वाटतो, कारण तिथे ही ओळ सुटी पडली आहे. मुळात ही ओळ एका लांब वाक्याच्या मध्यावर आहे. मढ्याच्या शांततेने भरून जाणे, तडफड नसणे, सगळे सहन करत जाणे, कामावर निघणे आणि कामावरून घरी जाणे, आणि शेवटी आपल्या स्वप्नांचे मरून जाणे. पंजाबीत चार टोके एकाच यमकावर आहेत: भर जाणा, कर जाणा, घर जाणा, मर जाणा. त्यातही पंजाबी उच्चारात शब्दारंभीचा ‘घ’ हा खालच्या सुरातल्या ‘क’सारखा होतो, म्हणून ‘सहन कर जाणा’ आणि ‘घर जाणा’ ऐकताना जवळपास एकच वाटतात. सहन करणे आणि घरी जाणे कानाला एक होतात, हीच त्या ओळीची भीती आहे. तडफड हरवलेल्या माणसाचे घरी जाणे ते हे. नोकरी करणाऱ्या प्रत्येकावर हा ठपका नाही.

मराठीला इथे एक सोय आहे. ‘जाणे’ हे क्रियापद आपल्याकडेही स्वतंत्रपणे येते आणि दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटीलाही लागते: भरून जाणे, सोसत जाणे, घरी जाणे, मरून जाणे. चारही ओळी ‘जाणे’वर संपवल्या तर मूळचा घाट बऱ्यापैकी टिकतो. आपल्याकडे छापलेल्या मजकुरात ‘शांतता पसरणे’, ‘निमूट सोसणे’, ‘घरी परतणे’ आणि ‘स्वप्नांचा मृत्यू’ असे चार वेगवेगळे शेवट आहेत, त्यामुळे दोरा तुटला. शिवाय ‘मुर्दा शांती’ला ‘स्मशानशांतता’ हा तयार शब्द वापरला आहे. स्मशानशांतता बाहेर असते, बंदच्या दिवशी रस्त्यावरही असते. कवितेतली शांतता माणसाच्या आत भरते. ‘भर जाणा’ सोडून दिले की कविता परिसराची होते.

‘पोलिसांचा मार सर्वांत घातक नाही, हे म्हणणे सोपे आहे’ असेही एकाने लिहिले आहे. १९७० साली पाशना खुनाच्या खोट्या आरोपाखाली अटक झाली आणि निर्दोष सुटेपर्यंत जवळजवळ दोन वर्षे तुरुंगात काढावी लागली. हे माहीत असले की ती ओळ वेगळी वाचली जाते. पण चरित्राचा आधार न घेताही उत्तर कवितेतच आहे. तीन ओळींनंतर कवी एकेक गोष्ट घेतो. बसल्या जागी पकडले जाणे, भेदरलेल्या चुपीत जखडले जाणे, खरे असूनही कपटाच्या गोंगाटात दबून जाणे, काजव्याच्या उजेडात वाचणे. आणि म्हणतो, वाईट तर आहेच. हिंदीत ‘बुरा तो है’. तो ‘तो’ फार महत्त्वाचा. मराठीत त्याला ‘तर’ आणि ‘च’ दोन्ही लागतात. ‘वाईट आहे, पण’ असे भाषांतर केले की ‘पण’ पुढचे वाक्य मागच्याला खोडून काढते. ‘वाईट तर आहेच’ म्हटले की दुःखाची नोंद आधी होते आणि मग तुलना येते. हा सगळा भाग आपल्या चार ओळींत नाही. तो नसला की कवी दुसऱ्याच्या वेदनेला हलके लेखतो आहे असे वाटणारच.

शब्दांबद्दल अजून थोडे, कारण पत्रांतले गैरसमज बहुतेक तिथूनच आले आहेत.

‘खतरनाक’ तसाच ठेवू नये. आजच्या मराठीत, विशेषतः तरुणांच्या तोंडी, तो कौतुकाचा शब्द झाला आहे. खतरनाक बॅटिंग, खतरनाक गाणे. ‘धोकादायक’ घाटातल्या पाटीवरचा, ‘भयंकर’ वापरून वापरून झिजलेला. ‘घातक’ बरा. त्यात घात आहे, आणि घात बहुधा जवळच्याकडून होतो.

‘घड़ी’ म्हणजे मनगटावरचे घड्याळ आणि क्षणही. मराठीत ‘घड्याळ’ लिहिले की क्षण जातो, ‘घटका’ लिहिले की मनगट जाते, आणि ‘घडी’ म्हटले तर आधी कपड्याची आठवते. इथे हार पत्करून ‘घड्याळ’च लिहावे, तळाशी टीप द्यावी.

‘साडे सुपनियां’चे मात्र नीट ठरवायला हवे. पंजाबी ‘साडे’ आणि हिंदी ‘हमारे’ यांत ऐकणारा धरला आहे की नाही ते कळत नाही. मराठीत ‘आपल्या’ आणि ‘आमच्या’ यातून निवड करावीच लागते. आपण छापलेल्या मजकुरात ‘तुमच्या स्वप्नांचा’ असे आहे, म्हणजे दोन्ही टाळून तिसराच शब्द. परिणाम पत्रांत दिसतो. अर्ध्या पत्रांत स्वप्न म्हणजे परीक्षा, नोकरी, जिद्द, स्वतःचे करिअर. मूळ कवितेत स्वप्न ‘आपले’ आहे, सगळ्यांचे मिळून. त्यानंतर घड्याळापासून कवी ‘तुहाडे’ म्हणू लागतो: तुमचे मनगट, तुमची नजर, तुमचे डोळे, तुमचे कान, तुमचा देह. आधी ‘आपण’ म्हणून शेजारी बसवून घेतो आणि मग तुमच्याकडे बोट करतो. सुरुवातीलाच ‘तुमच्या’ केले की हे वळणच उरत नाही आणि कविता भिंतीवर लावायचे सुवचन होते.

चंद्राच्या कडव्यात मराठी हिंदीपेक्षा नशीबवान आहे. प्रत्येक हत्याकांडानंतर ओस पडलेल्या अंगणांत चढणारा पण तुमच्या डोळ्यांना मिरचीसारखा न ‘लड़णारा’ चंद्र. पंजाबीत मिरची डोळ्यांना ‘लढते’. तेच क्रियापद चावण्या-डसण्यालाही आणि लढण्यालाही. हिंदीत ‘गड़ता’ झाले, म्हणजे टोचतो. आपल्याकडे ‘झोंबणे’ आहे: मिरची झोंबते आणि पैलवानही झोंबतो. ‘असीं लड़ांगे साथी’ (सोबत्या, आपण लढू) ही कविता लिहिणाऱ्या कवीने इथे ‘लड़’ सहज वापरला असेल असे आम्हांला वाटत नाही.

सगळ्यात मोठे नुकसान गाण्याच्या कडव्याचे झाले आहे. हिंदीत ते गाणे तुमच्या कानापर्यंत पोचण्यासाठी मर्सिये, म्हणजे शोकगीते, म्हणते आणि घाबरलेल्या लोकांच्या दारात गुंडासारखे अकडते. यावरून एका पत्रात प्रश्न विचारला आहे की शोकगीत म्हणणारे गाणे घातक कसे? प्रश्न रास्त आहे. मूळ पंजाबीत गाणे शोक करतच नाही. ते ‘कीरना उलंघदा है’, म्हणजे बायकांचे रडणे, आक्रोश ओलांडून तुमच्या कानाशी येते. आणि भेदरलेल्यांच्या दारासमोर ते ‘वैली दी खंघ’ खोकते. वैली म्हणजे गावातला उनाड, गुंड, नशेबाज इसम. त्याचा खोकला, त्याचे दारासमोरचे मुद्दाम खाकरणे, ज्याने आतली माणसे गप्प होतात. खेड्यात वाढलेल्या कुणालाही हे खाकरणे समजावून सांगावे लागत नाही. ‘अकडणे’ डोळ्यांना दिसते, खाकरणे बंद दाराआड ऐकू येते, आणि कडवे तर कानाबद्दल आहे. मराठीत सरळ येते: आक्रोश ओलांडून जे तुमच्या कानी येते, भ्यालेल्यांच्या दारापुढे जे गुंडासारखे खाकरते. ज्या काळात कवी हे लिहीत होता त्या काळातल्या पंजाबात रात्री दारासमोर कोण खाकरतो हा जिवाचा प्रश्न होता.

शेवटच्या दिशेच्या कडव्यातही असेच. आत्म्याचा सूर्य बुडतो आणि मेलेल्या उन्हाची ‘छिलतर’ तुमच्या देहाच्या पूर्वेला रुतते. छिलतर म्हणजे लाकडाचे बारीक कुसळ. हिंदीत ‘टुकड़ा’. तुकडा दिसतो, कुसळ दिसत नाही, नुसते सलते. पूर्वेला रुतते, म्हणजे जिथून उगवायचे तिथेच.

आता मृत्यूबद्दल, कारण इथे चूक झाली तर ती नुसती भाषेची राहत नाही. एका पत्रात ‘सरकारने ठार केलेला कवी’ असे आहे, दुसऱ्यात ‘नक्षलवाद्याची कविता छापलीच कशाला’. पाशना २३ मार्च १९८८ रोजी त्यांच्याच गावात खलिस्तानी अतिरेक्यांनी गोळ्या घातल्या, सोबतच्या मित्रालाही. वय ३७. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांच्या फाशीला त्या दिवशी ५७ वर्षे झाली होती. नक्षलबाडीनंतरच्या उठावातून ते कवी म्हणून पुढे आले हे खरे. ते राजसत्तेविरुद्ध लिहीत होते हेही खरे. आणि धर्माच्या नावाने बंदूक चालवणाऱ्यांविरुद्ध उघड लिहिल्यामुळे मारले गेले, हेही तितकेच खरे. १९८४च्या नोव्हेंबरमधल्या शीख हत्याकांडानंतर त्यांनी ‘बेदखली’साठी विनंतीपत्र लिहिले: देशाच्या यादीतून माझे नाव काढून टाका म्हणणारी ती कविता. ती कविता छापून तीन-साडेतीन वर्षांनंतरचा खून न सांगणे, किंवा खून सांगून ती कविता लपवणे, दोन्ही प्रकार सर्रास होतात. ज्याला जो अर्धा सोयीचा तो उचलतो. अकाली गेलेल्या कवीच्या बाबतीत हा धोका जास्त असतो. तो पुढची चाळीस वर्षे जगून ‘मी असे म्हटलो नव्हतो’ असे सांगायला येत नाही. त्याच्याकडे फक्त मजकूर असतो आणि मजकुराखालची तारीख असते. म्हणून तारीख छापायची.

पाशच्या ‘घास’ या कवितेबद्दलही थोडक्यात सांगतो, कारण तिचाही उल्लेख आला आहे. ‘मी गवत आहे, तुमच्या साऱ्या करणीवर उगवेन’ ही कल्पना अमेरिकन कवी कार्ल सँडबर्ग यांच्या १९१८च्या कवितेवरून आलेली आहे. तिथे गवत रणांगणे झाकून टाकते आणि माणसे विसरतात. पाशकडे तेच गवत पुसून टाकलेल्या बंगा, संगरूर, लुधियान्यावर पुन्हा हिरवे होऊन उभे राहते. त्या गावांची नावे काढून मराठी गावे घालण्याचा मोह आवरावा.

असेच तुकडे पाडणे बंगालीतल्या सुकांत भट्टाचार्य यांच्या वाट्याला आले आहे. १३ मे १९४७ला क्षयाने गेले, एकविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. पौर्णिमेचा चंद्र भाजलेल्या भाकरीसारखा, ही त्यांची ओळ सुंदर उपमा म्हणून सगळीकडे फिरते. त्याच्या आधीच्या ओळींत ते कवितेला रजा देतात, भुकेच्या राज्यात जग गद्य झाले आहे म्हणतात. १९४३च्या दुष्काळावरचा ‘आकाल’ हा कवितासंग्रह याच मुलाने संपादित केला होता. उपमेची वाहवा करणे म्हणजे त्याने ज्याला रजा दिली त्यालाच परत कामावर बोलावणे आहे.

छपाईच्या अडचणी आम्ही जाणतो. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. म्हणजे पाश यांच्या मूळ कवितांवर तो २०४८ अखेरपर्यंत आहे. (सुकांत यांच्यावरचा २००७ अखेर संपला.) अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, त्यामुळे हिंदीवरून मराठी करून छापले तर मूळ कवीचे वारस आणि हिंदी अनुवादक अशा दोन परवानग्या लागतात. थेट पंजाबीवरून केले तर एक. समीक्षेसाठी काही ओळी उद्धृत करायला कायद्याची मुभा आहे. चार ओळी छापण्यामागे हेच कारण असेल तर ते समजू शकते. पण मग चार ओळी ‘मरून जाणे’पाशी संपणाऱ्या नकोत, कारण तिथे कविता संपत नाही. तिथून पुढे घड्याळ, डोळा, चंद्र, गाणे, रात्र आणि दिशा अशी सहा कडवी येतात आणि खरी कविता त्या सहांत आहे.

पुढल्या वेळी जागा थोडी असेल तर गाण्याचे एकच कडवे छापा: डावीकडे देवनागरीत पंजाबी, उजवीकडे मराठी, खाली कवीचे पूर्ण नाव, मूळ भाषा, संग्रह, अनुवादक आणि जन्म-मृत्यूच्या तारखा. पंजाबी देवनागरीत उतरवताना गुरुमुखीतला, म्हणजे पंजाबीच्या लिपीतला, अद्धक विसरू नका. ते अक्षराच्या डोक्यावरचे छोटे चंद्रकोरीसारखे चिन्ह असते आणि पुढचे व्यंजन दुहेरी करते. अनुस्वार समजून टाकले की ‘लुट्ट’चे ‘लुंट’ होते. टिप्पी आणि बिंदी ही दुसरी दोन चिन्हे मात्र खरेच अनुस्वार आहेत. गुरुमुखीत मुळाक्षरे ३५, म्हणून तिला ‘पैंती’ म्हणतात. देवनागरी येणाऱ्याला रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत ती अडखळत का होईना वाचता येते, आणि पाशची भाषा जालंधरकडच्या शेतातली असल्याने शब्द कठीण असले तरी वाक्ये छोटी असतात. १९७२ साली त्यांनी काढलेल्या मासिकाचे नाव ‘सिआड़’ होते. सिआड़ म्हणजे नांगराने जमिनीत पाडलेले तास, चर.

आपले,
पाशच्या कवितेचे काही मराठी वाचक